टायगरचं वरचं खाणं

गुडघा ही यवतमाळ जिल्ह्यातली सार्वजनिक मालमत्ता आहे. हृदय, किडनी, लिव्हर यांच्याबद्दल बोलताना माणूस जरा दबकतो. ‘डॉक्टर काय म्हणाले?’ एवढं तरी आधी विचारतो. गुडघ्याला तो मान नाही. गुडघा प्रत्येकाला आहे, दोन-दोन आहेत आणि चाळिशीनंतर त्यातला निदान एक तरी वाजतो. त्यामुळे त्यावर बोलायला शिक्षणाची अट नाही. ज्याचा दुखतो तो तज्ज्ञ. ज्याचा दुखत नाही तो त्याहून मोठा तज्ज्ञ, कारण का दुखत नाही हे फक्त त्यालाच ठाऊक असतं.

अशा या जिल्ह्यात, त्यातही पांढरकवड्यात, आमच्या कुत्र्याचा मागचा डावा गुडघा गेला.

कुत्र्याचं नाव टायगर, जात लॅब्राडॉर. घरात आला तेव्हा ओंजळीत मावत होता, आता दिवाणात मावत नाही. त्याच दिवाणावर तो दुपारचा पसरलेला असताना आत बायकोनं दुधाच्या पातेल्याची खरवड काढायला घेतली. उलथन्याचा पहिला ‘खर्र’ झाला आणि टायगरनं झेप घेतली. चोर दिसला म्हणून नव्हे, मांजर दिसली म्हणून नव्हे, खरवडीसाठी. खाली आला तो तीन पायांवर. चौथा अधांतरी राहिला. फक्त नखं तेवढी फरशीला टेकत होती. त्याही अवस्थेत तो स्वयंपाकघरात पोहोचला, खरवड खाल्ली, पातेलं चाटलं आणि मगच केकाटला.

केकाटणं ऐकून आधी आले शेजारचे निवृत्त गुरुजी. त्यांनी लांबूनच निदान केलं. “सायटिका.”

दूधवाला म्हणाला, “काटा रुतला असन भाऊ. बाभयीचा.”

“तो दिवाणावरून पडला.”

“मंग दिवाण पाह्यून घ्या.”

वरच्या मजल्यावरच्या काकांनी खिशातून स्वतःची गुडघ्याची गोळी काढली. “अर्धी द्या. मला पंधरा मिनिटांत फरक पडतो.” काका ती गोळी कित्येक वर्षं घेतात आणि जिना अजून आडवे होऊन उतरतात. कोणी निर्गुडीचा पाला सुचवला, कोणी एरंडेल, कोणी बिब्ब्याचा डाग. बिब्बा ऐकून टायगर दिवाणाखाली जायला निघाला, पण तिथंही तो मावत नाही.

आईचं निदान सगळ्यांत ठाम होतं. “नजर लागली त्याले. कालच थे बाई म्हने, केवढा गब्दुल झाला!” तिनं लगेच भाकरीचा तुकडा घेऊन टायगरवरून उतरवला. आता हा उतरलेला तुकडा कुत्र्याला घालायचा, असा रिवाज आहे. आमच्या आळीत कुत्रा एकच. तेव्हा ज्याची नजर काढली त्यालाच ती खाऊ घालण्यात आली. टायगरनं ती आनंदानं खाल्ली आणि आणखी कोणाची काढायची आहे का, म्हणून वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याला ढोरांच्या दवाखान्यात नेलं. पाटीवर पशुवैद्यकीय दवाखाना असतं, पण पाटी वाचून तिथं कोणी जात नाही. पुढे शिंग मोडलेला बैल, दोन बकऱ्या आणि पिशवीतून मान बाहेर काढून बसलेली एक कोंबडी. बैलाच्या मालकानं टायगरला नीट न्याहाळलं.

“काय काम करते हा?”

“काही नाही.”

“राखन?”

“नाही. कोणी आलं की शेपूट हलवतो.”

“मंग पाय कायनं गेला?” त्यांनी बैलाकडे पाहिलं, टायगरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “बसूनशान?”

डॉक्टरांनी टायगरला आधी नुसतं बसायला लावलं. धडधाकट कुत्रा दोन्ही मागचे पाय पोटाशी दुमडून बसतो. टायगरनं डावा पाय बाजूला टाकून दिला, लग्नाच्या पंगतीत तिसऱ्या जिलबीनंतर माणसं टाकतात तसा. मग त्यांनी मांडीचं हाड एका हातात धरलं, नडगी दुसऱ्या हातात, आणि नडगी पुढे ढकलून पाहिली. ती सरकली. सरकायला नको असते.

“लिगामेंट,” डॉक्टर म्हणाले. “गुडघ्यात दोन दोऱ्या एकमेकींना छेद देऊन असतात. पुढची दोरी नडगीला पुढे सरकू देत नाही. ती गेली.”

“एका उडीत?”

“उडीचं निमित्त. खेळाडूचं लिगामेंट मैदानात एका हिसक्यात तुटतं. कुत्र्याचं महिनोन्‌महिने आतल्या आत उसवत असतं. त्याच्या नडगीचा माथाच उतरता, साधारण पंचवीस अंशांचा. नुसतं उभं राहिलं तरी वरचं हाड त्या उतारावरून मागे घसरायला बघतं आणि ही दोरी ते धरून ठेवते. वर वजन जितकं, तितका ताण. नागपूरला दाखवून घ्या. जाण्याआधी वजन करा याचं. आणि माणसांची गोळी चुकूनही देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी जाते.”

काकांच्या गोळीला पहिल्यांदाच कोणी नाही म्हणालं होतं. काकांनी ते मनाला लावून घेतलं.

वजन करणं वाटतं तितकं सोपं नाही. घरातल्या काट्यावर टायगर तीन पायांनी उभा राहीना. कुत्र्याला उचलून आपण काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, ही युक्ती चिरंजीवांनी फोनवरून सांगितली. काटा त्या जोड-आकड्यापर्यंत पोहोचलाच नाही. आणि वजा करायचा माझा स्वतंत्र आकडा बायकोनं इतक्या मोठ्यानं वाचला की टायगरचा गुडघा काही काळ चर्चेतून बाजूला पडला.

शेवटी त्याला अडत्याकडे नेलं. कापसाचा हंगाम, काटा मोकळा मिळेना. दोन गाड्यांच्या मधे हमालानं टायगरला उचलून काट्यावर ठेवला. सकाळीच आंघोळ घातलेली, त्यामुळे अंगाला ओल होती. अडत्यानं सवयीनं विचारलं, “ओलावा किती धरू?”

सीसीआयच्या सरकारी कापूस खरेदीत आठ टक्क्यांवर ओलावा गेला की भाव कापला जातो, बाराच्या वर तर मालच परत. टायगरचा माल मात्र परत घ्यायला कोणी नव्हतं. काटा स्थिर झाला: ४६ किलो. अडत्या म्हणाला, “चार कमी आहेत, नाही तर अर्धा क्विंटल पुरा होता.” हमालाला ती उणीव बघवली नाही. त्यानं आपल्या डब्यातली चतकोर भाकर टायगरपुढे धरली.

नागपूर आमच्याकडून दीडशे किलोमीटर. १९५८ पासून तिथं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि विदर्भातले कितीतरी ढोरांचे डॉक्टर सेमिनरी हिल्सच्या त्या आवारातून शिकून बाहेर पडलेले. आम्ही ज्यांच्याकडे निघालो ते खासगी डॉक्टरही त्यांतलेच. गाडीत मी, बायको, आई आणि उरलेल्या जागेत टायगर. उरलेली जागा अशी नव्हतीच; आम्ही तिघं टायगरच्या उरलेल्या जागेत होतो. वाटेत जामला चहासाठी थांबलो. लंगडा कुत्रा उतरलेला पाहून टपरीवाल्याचा जीव कळवळला. “काय झालं बिचाऱ्याले?” असं विचारत त्यानं आलुबोंडा पुढे केला. उत्तर ऐकायच्या आत तो संपला होता. आलुबोंडाही आणि कळवळाही, कारण लगेच त्यानं पैसे मागितले.

नागपुरात चिरंजीव येऊन मिळाले. एक्स-रे झाला. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, हाडं दिसतात, सांध्यातली सूज दिसते आणि सरकलेपणा दिसतो. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, पाहिली, खाली ठेवली आणि सगळ्यांत अवघड प्रश्न विचारला.

“काय खातो?”

“दोन वेळा जेवण,” मी म्हणालो. “मोजून.”

“आणि वरचं?”

खोली शांत झाली. महाराष्ट्रात जेवण ही एक गोष्ट आहे आणि ‘वरचं’ ही दुसरी. जेवणाचा हिशोब असतो, वरच्याचा नसतो. “वरचं असं काही नाही,” बायको म्हणाली, “दुपारी दुधाची खरवड. ती टाकूनच द्यायची असते.” आई म्हणाली, “माह्या ताटातला शेवटचा घास. घासानं काय होते?” तो घास म्हणजे तूप लावलेली आख्खी पोळी असते. चिरंजीव आईवर घसरले, “म्हणून सांगतो, तुम्ही लोक...” आणि त्यांच्या खिशात बिस्किटाचा कागद चुरचुरला. टायगरनं कान टवकारले. मग एकेक धागा निघत गेला. दूधवाला मापाच्या वरचं थोडं ओततो. गुरुजी चहात बुडवलेला टोस्ट देतात. मागच्या वहिनी उपासाची साबुदाण्याची उसळ देतात. उपासाचं असल्यामुळे ते बाधत नाही.

“आणि ह्यांचा संध्याकाळचा आलुबोंडा?” बायको म्हणाली. मी त्या वेळी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत होतो.

टायगरनं आळीतल्या प्रत्येक घराला असा विश्वास दिला होता, की तो फक्त त्यांच्याकडेच खातो. एवढ्या निष्ठेनं मतदारसंघ बांधणारा माणूस आमच्या भागातून अजून विधानसभेत गेलेला नाही.

डॉक्टरांनी आमचा अगदीच कमीपणा होऊ दिला नाही. “सगळा दोष तुमचा नाही. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळलं, की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये एका जनुकाचा लहानसा तुकडा गहाळ असतो. त्या कुत्र्यांची भूकच जास्त. खाल्लं तरी समाधान नाही.”

“आमच्या आत्याचं तसंच आहे,” बायको म्हणाली. ही आत्या माझी.

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. पंधरा किलोच्या आतला कुत्रा बरेचदा आरामावर निभावून जातो. जड कुत्र्याला शस्त्रक्रिया बरी. पूर्वी सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा दोरा ओवत. मासे धरायच्या गळाचा दोराही त्यासाठी वापरला गेला आहे. अमेरिकेतल्या स्लोकम नावाच्या पशुशल्यविशारदानं वेगळाच विचार केला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला: दोरी जोडत बसू नका, उतारच काढून टाका. नडगीचा माथा गोल कापायचा, फिरवून जवळजवळ सपाट करायचा, प्लेट आणि स्क्रू बसवायचे. हाड घसरायचं कारणच उरत नाही. मला हे फार पटलं. मग डॉक्टरांनी खर्चाचा आकडा सांगितला आणि मीही डावा पाय बाजूला टाकून बसलो.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्रास झाला तो पथ्याचा. दोन-अडीच महिने उडी नाही, जिना नाही, पळणं नाही. बाहेर जायचं तर पट्ट्यानं, हळूहळू. बाकी वेळ पिंजऱ्यात. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नये म्हणून घरातल्या सगळ्या सतरंज्या, चटया आणि सोयाबीनची रिकामी बारदानं अंथरली. टायगर त्यावरून डौलात चालायचा. मी पहिल्याच रात्री पाणी प्यायला उठलो आणि बारदानासकट फ्रिजपर्यंत गेलो. आवाजानं सगळे जागे झाले आणि टायगरला काही लागलं का, ते पाहून झोपले.

याच काळात मी बसस्टँडसमोर उभा राहून चिरंजीवांशी फोनवर बोललो. वाहनांचा गोंगाट, त्यामुळे आवाज चढवावा लागला. बोललो ते एवढंच: “हो, टायगर घरीच आहे. मागच्या पायाला जखम आहे. पिंजऱ्यात ठेवलाय. अरे, रात्री पिंजऱ्यातून बाहेर निघाला होता!”

हे वाक्य पुण्यात बोललं असतं तर कोणी वळूनही पाहिलं नसतं. पण आमचं गाव टिपेश्वर अभयारण्याला लागून. २०१८ साली टी-१ वाघीण, जिला बाहेरचं जग अवनी म्हणतं, पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात होती तेव्हा माणसं गेली, लोक वावरात जायला धजत नव्हते. तिच्या शोधासाठी हत्ती आले, पॅराग्लायडर आलं, केन कोर्सो जातीचे कुत्रे आले, तिला भुलवायला कॅल्विन क्लाइनचं अत्तरसुद्धा आलं. त्या नोव्हेंबरात ती मारली गेली. पण तेव्हापासून इकडे वाघाचं नाव कुजबुजलं तरी बसस्टँड कान देऊन ऐकतो, आणि मी तर ओरडत होतो.

घरी पोहोचेपर्यंत ‘टिपेश्वरचा जखमी वाघ वस्तीत, एका इसमाने घरात कोंडला’ हा मजकूर तीन ग्रुपवरून फिरून गुरुजींनी मलाच पाठवला होता. फाटकाशी पन्नास माणसं. पोरं कुंपणाच्या भिंतीवर. काका वरच्या मजल्यावरून ओरडत होते, “मी आधीच म्हणालो होतो!” काय म्हणाले होते, ते त्यांना आठवत नव्हतं. वनरक्षक काठी घेऊन सावधपणे दाराशी आले. दार आईनं उघडलं.

“मावशी, टायगर कुठी हाय?”

“आत हाय.”

“मोकया हाय?”

“मोकया म्हनजे? पोयी खाऊन राह्यला.”

“पोयी?”

“तूप लावून. नुसती नाई खात तो.”

वाघ नाही हे कळल्यावर गर्दीची निराशा झाली, पण ‘पथ्यावर असलेल्या कुत्र्याला तूप-पोळी’ ही बातमीही काही अगदीच टाकाऊ नव्हती. बायकोनं आईकडे पाहिलं. आईनं वनरक्षकांकडे पाहिलं. “उन्हातान्हात आले बिचारे,” ती म्हणाली, “बसा, थोडं खाऊन जा.” वनरक्षक खाऊन गेले. गर्दीतले ओळखीचे पाच-सहाजणही खाऊन गेले.

त्यानंतर चिरंजीवांनी कारभार हातात घेतला. अमेरिकेतला एक अभ्यास त्यांनी फोनवरून सगळ्यांना ऐकवला: ४८ लॅब्राडॉर, एकाच आईच्या पिल्लांच्या जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न, तेही जन्मभर. निष्कर्ष २००२ साली आले. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अन्‌ त्याइच्या ताटातला पाव हिस्सा कोनं खाल्ला?”

तो प्रश्न अभ्यासकांना पडला नसावा. आमच्या घरात त्याचं उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळालं. टायगरची खरवड माझ्या ताटात येऊ लागली. शेवटचा घास माझ्याकडे वळला. वहिनींची उसळ ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून मला. दूधवाल्याचं वरचं दूध, त्याचं दही, त्याची कढी. आमच्या वऱ्हाडात माया करायची दुसरी रीत कोणाला शिकवलेलीच नाही. पाहुणा आला, वाढा. पाहुणा निघाला, थांबवून वाढा. कोणी पास झालं, वाढा. नापास झालं तर दोन घास जास्त वाढा, पोराचं मन खट्टू झालंय. अशा मुलखात एका डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं होतं, की ज्याच्यावर जीव आहे त्याला देऊ नका. नडगी कापून फिरवणारे शल्यविशारद निघाले; पाहुण्यासमोरचा डाव परत भांड्यात ठेवायला लावणारा अजून कुणाच्या घरात जन्मलेला नाही.

तरीही आम्ही नेटानं धरलं, कारण नागपूरच्या डॉक्टरांनी निघताना एक वाक्य टाकलं होतं. ज्या कुत्र्यांचा एक गुडघा असा जातो, त्यांतल्या निम्म्या-शिम्म्यांचा पुढेमागे दुसराही जातो. हे ऐकल्यापासून घरातला प्रत्येकजण टायगरच्या उजव्या पायाकडे पाहत होता आणि मी खर्चाच्या आकड्याकडे. वरच्या फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे, अशी डॉक्टरांची खूण होती. रोज संध्याकाळी सगळे टायगरच्या फासळ्या चाचपत. आधी एक लागली. मग दोन. एके दिवशी गुरुजींना कंबर दिसली, पण त्यांचा मोतीबिंदू लक्षात घेऊन ती मोजण्यात आली नाही.

मग पुन्हा अडत्याकडे गेलो. टायगर चारही पाय टेकून, स्वतःच्या चालीनं काट्यावर चढला. ४० किलो. अडत्यानं चिठ्ठीवर लिहिलं: ‘घट ६ किलो’. मान हलवून म्हणाला, “एवढी घट बरी नाही साहेब. गोदामात ठेवला होता का?” हमालानं टायगरच्या पाठीवरून हात फिरवला. “लय वायला बिचारा,” म्हणाला आणि डबा शोधायला गेला. मी टायगरला घेऊन जवळजवळ पळालो. त्या पळण्यात माझाच गुडघा दोनदा वाजला.

घरी चिठ्ठी दाखवली. बायकोला आनंद झाला, चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवल्या. आईनं चष्मा लावून आकडा वाचला, टायगरच्या फासळ्यांवर हात ठेवला, काही न बोलता उठली आणि आत गेली. थोड्या वेळानं रवा भाजल्याचा वास आला. टायगर चौथ्या पायाचीही मदत घेऊन तिच्यामागे पोहोचला होता. बायको कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

“आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“जेवन कमी करा म्हने ना तो?” आई वाटी खाली ठेवत म्हणाली. “हे जेवन कुठी हाय? हा त शिरा हाय.”